पाहुणे आले तरी पोर्क १६० वरच अडकलंय? बॅकयार्ड बार्बेक्यूचा दर वर्षीचा घोळ आणि त्यावरचा आमचा उपाय

प्रॉब्लेम असा आहे. संध्याकाळी पाचला जेवण ठरलंय, चारपासून लोक यायला लागणार, सकाळी सातपासून ग्रिल पेटलेलं आहे, बारापर्यंत मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा आकडा छान चढत होता, वाटलं चला यंदा वेळेत होणार, आणि मग १६० फॅरनहाइटला म्हणजे साधारण ७१ सेल्सिअसला आकडा येतो आणि तिथेच बसतो. एक वाजला, १६१. दोन वाजले, १६०, म्हणजे उलट खालीच आला. चारला पहिली गाडी येऊन लागते, सहाला मुलं चिप्स खाऊन कंटाळलेली, साडेआठला कसंबसं मांस उतरतं आणि तेही बोटांनी सुटत नाही, चावून चावून खावं लागतं.

आमच्याकडे हे लागोपाठ तीन उन्हाळे झालं. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो, मागे छोटं बॅकयार्ड आहे आणि एक साधं २२ इंची कोळशाचं केटल ग्रिल आहे, वेगळा स्मोकर घेतलेला नाही. वर्षातून एकदा तरी पंधरा-सोळा जणांना बोलावतो, थोडे ऑफिसचे, थोडे शेजारी, बाकी आपली मराठी मंडळी. तिन्ही वेळा मी ग्रिलपाशी आणि लोक पॅटिओवर, कुणाशी धड दोन शब्द बोलणं झालं नाही, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटलं, कारण लोकांना बोलवायचं ते त्यांच्यासोबत बसायला.

आधी एक गोष्ट, कारण नवीन आलेल्या लोकांचा इथे गोंधळ होतो. गॅसवर बर्गर आणि हॉटडॉग भाजले तर इकडे त्याला कुकआउट म्हणतात. बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या किंवा कोळशाच्या मंद आचेवर तासन्‌तास धुरात शिजवलेलं मांस, आणि नॉर्थ कॅरोलिनात बार्बेक्यू म्हटलं की पोर्कच. टेक्ससला गेलात तर ब्रिस्केट म्हणजे बीफ, मेम्फिसला रिब्ज. मी खाली लिहितेय ते पोर्क शोल्डरबद्दल, दुकानात बॉस्टन बट या नावाने मिळतो तो भाग (नाव बट असलं तरी असतो खांद्याचाच), पण आकडा अडकायचा प्रकार ब्रिस्केटलाही अगदी असाच होतो.

तर पहिल्या वर्षी आम्ही काय केलं, घाबरून ग्रिलचे खालचे व्हेंट, म्हणजे हवेची भोकं, पूर्ण उघडले. आच वाढली, बाहेरून काळं झालं, आत तेच. दुसऱ्या वर्षी दर वीस मिनिटांनी झाकण उघडून बघत होतो, त्याने तर अजूनच उशीर झाला. तिसऱ्या वर्षी १८० ला काढलं, म्हटलं शिजलंय ना, खायला सेफ आहे ना, मग काढू या. सेफ होतं, त्यात शंकाच नाही, अखंड पोर्कसाठी इथला सरकारी आकडा १४५ फॅरनहाइट आणि वर ३ मिनिटं थांबणं एवढाच आहे. पण सेफ असणं वेगळं आणि रेषा-रेषा सुटणं वेगळं.

मग शेजारचे आजोबा, इथलेच, लहानपणापासून पिग पिकिन (अख्खं डुक्कर शिजवून सगळ्यांनी मिळून खायची इथली पार्टी) बघत आलेले, त्यांनी कुंपणापलीकडून सांगितलं की अगं ते अडकलेलं नाहीये, त्याला घाम आलाय. आणि मला एकदम लख्ख कळलं, कारण हा तर आपला माठ आहे! माठ पाझरतो, बाहेरचं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून आतलं पाणी गार राहतं. मांसाचं पण तेच होतं, आतून ओलावा वर येत राहतो, पृष्ठभागावरून उडत राहतो, आणि ग्रिल जेवढी उष्णता देतंय तेवढी ते उडणारं पाणी घेऊन जातं. म्हणून १५० ते १७० फॅरनहाइटच्या मध्ये कुठेतरी आकडा थांबतो. दोन तास थांबेल, चार थांबेल, मोठा तुकडा असला तर सहा पण. वरचा थर पुरेसा सुकला की पुन्हा चढायला लागतो. इकडे याला स्टॉल म्हणतात. यात तुमचं काही चुकलेलं नसतं, थर्मामीटरही बिघडलेला नसतो.

आणि एवढा वेळ थांबायचं का, तर खांद्याचा हा भाग म्हणजे जनावराचा सतत वापरातला भाग, त्यात कोलॅजन भरपूर, ते विरघळून जिलेटिन व्हायला बराच वेळ लागतो. १९५ ते २०५ फॅरनहाइटच्या आसपास (९० ते ९६ सेल्सिअस) ते होतं. पण आकड्यावरच जाऊ नका, हाड धरून हलवा, ते अलगद सुटून हातात आलं पाहिजे, आणि प्रोब, म्हणजे थर्मामीटरची सुई, मांसात लोण्यात सुरी जावी तसा गेला पाहिजे. एखादा तुकडा १९७ ला तयार असतो, एखादा २०४ ला.

आता उपाय. सगळ्यात महत्त्वाचा उपाय ग्रिलवर नाहीये, तो घड्याळात आहे. आम्ही तिन्ही वर्षं मांस पाचला तयार व्हावं असं गणित मांडत होतो आणि तिथेच चुकत होतं. मांस कधी तयार होईल हे कुणालाच नक्की सांगता येत नाही, म्हणून ते जेवणाच्या निदान दोन-तीन तास आधी तयार होऊ द्यायचं आणि मग गरम ठेवायचं. गरम कशात, तर बीचवर न्यायचा आपला साधा कूलर! कूलर गार ठेवतो तसाच गरमही ठेवतो. आधी त्यात कढत पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पाणी फेकून द्या, तळाला जुना टॉवेल, त्यावर फॉइलमध्ये गुंडाळलेलं मांस, वरून अजून दोन टॉवेल, मोकळी जागा राहता कामा नये, झाकण बंद. चांगला कूलर असेल तर तीन-चार तास मजेत १४० फॅरनहाइटच्या वर राहतं. १४० म्हणजे ६० सेल्सिअस, त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, म्हणून प्रोब आतच ठेवून वायर बाहेर काढा. आणि हे नुसतं नाइलाज म्हणून नाही हं, या मुरण्यात मांस आणखी मऊ होतं. आम्हाला लगेच काढलेल्यापेक्षा कूलरमधून काढलेलंच जास्त आवडतं.

इथल्या जुन्या जागा बघितल्या तर तिथेही हेच आहे. आम्ही एडन गावी स्कायलाइट इन या बार्बेक्यूच्या हॉटेलात गेलो होतो, १९४७ पासूनची जागा, अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यांवर शिजवतात आणि ते रात्रभर चालतं, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधीच काम झालेलं असतं. दुपारी तिथे फक्त सुऱ्यांचा खटखट आवाज, कातडीसकट बारीक चिरून सोबत स्लॉ (चिरलेल्या कोबीचं सॅलड) आणि चपटा कॉर्नब्रेड. रात्र खड्ड्यापाशी जागून काढायची ही कला इकडे मुख्यतः गुलामगिरीत राबवलेल्या कृष्णवर्णीय आचाऱ्यांच्या हातांनी घडली, हे इथे राहताना माहीत असायलाच हवं असं मला वाटतं.

दुसरा उपाय गुंडाळण्याचा. १६० ते १६५ ला आला आणि वरचा थर छान गडद तांबूस-काळा झाला, नखाने खरवडून निघत नाही असा, की जाड फॉइलचे दोन थर घ्या, मांस त्यात ठेवा, दोन-तीन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर टाका आणि घट्ट बांधा. घाम बाहेर उडू शकत नाही म्हणून गारवा थांबतो आणि आकडा तासाभरात पळायला लागतो. वरची साल थोडी नरम पडते हे खरं आहे, ती कडकच हवी असेल तर गुलाबी बुचर पेपर वापरा, तो थोडी वाफ जाऊ देतो पण वेळही थोडा जास्त घेतो. आणि एकदा फॉइलमध्ये गेलं की धूर आत जातच नाही, त्यामुळे तिथून पुढे घरातल्या ओव्हनमध्ये २५० ते २७५ ला ठेवलं तरी चवीत काही कमी होत नाही. पहिल्यांदा मला हे पटत नव्हतं, वाटायचं बार्बेक्यू आणि ओव्हन? पण आता मी दर वेळी तेच करते. आच सांभाळायची नाही, पाऊस आला तरी काळजी नाही.

तिसरा, आणि हा मला फार उशिरा सुचला. ८ पाउंडाचा (साडेतीन किलोच्या थोडा वर) एक बट घेण्यापेक्षा ४-४ पाउंडांचे दोन तुकडे घ्या, किंवा मोठाच कापून दोन करा. वेळ एकूण वजनावर नाही, तुकड्याच्या जाडीवर ठरतो. अख्खा ८ पाउंडाचा बट २२५ फॅरनहाइटला न गुंडाळता केला तर १२ ते १६ तास धरा, दीड-दोन तास दर पाउंडाला. दोन छोटे केले, २५० ला ठेवले आणि मध्ये गुंडाळले तर आमच्याकडे सात-आठ-नऊ तासांत होतात, शिवाय सालीचा भाग वाढतो, ज्यावर मुलं तुटून पडतात. शिजून वजन बरंच घटतं, हाड धरून ८ पाउंडाचं हातात साडेचार-पाच पाउंड येतं, माणशी एक तृतीयांश पाउंड धरलं तर तेरा-चौदा जणांना पुरतं, सोबत चिकन असेल तर पंधरा-सोळा जणांना.

आमचं वेळापत्रक आता असं असतं. आदल्या रात्री मीठ, ब्राऊन शुगर, पॅप्रिका, मिरपूड, थोडी लसूण पावडर चोळून फ्रिजमध्ये. पहाटे पाचला कोळसा, साडेपाचला मांस वर. दहा-साडेदहाच्या सुमारास गुंडाळून ओव्हनमध्ये. एक ते अडीचच्या मध्ये कधीतरी तयार, ते कूलरमध्ये. मग अंघोळ. मग खुर्च्या मांडायच्या, आणि लोक येतात तेव्हा आपण ताजेतवाने असतो! स्टॉल लांबला तरी दोन तास हातात शिल्लक असतात.

आच खालीवर होत असेल तर

केटलमध्ये कोळशाचा ढीग करू नका. कडेकडेने ब्रिकेट (कोळशाच्या तयार वड्या) लावा, दोन शेजारी-शेजारी आणि त्यावर दोन, एकाला एक टेकलेले, अर्ध्याहून जास्त वर्तुळ होईल इतके, नागासारखे, म्हणून याला स्नेकच म्हणतात. एका टोकाला आठ-दहा पेटलेले कोळसे ठेवा, ते पुढच्याला पेटवत जातात, उदबत्ती जळते तसं. यावर आरामात आठ तास निघतात. मधल्या रिकाम्या जागेत पाण्याचा ॲल्युमिनियमचा ट्रे, मांस त्याच्या वर. वरचा व्हेंट पूर्ण उघडा, आच कमीजास्त करायची ती खालच्या व्हेंटने, साधारण पाव उघडा ठेवून सुरुवात करा, आणि काही बदललं तर पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच परत हात लावा. आमची चूक हीच व्हायची, पाच मिनिटांत तीनदा फिरवायचो.

झाकणावरच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, तो वर घुमटातलं तापमान सांगतो, जाळीपाशी २५-३० डिग्रीचा फरक सहज असतो. दोन प्रोबवाला थर्मामीटर घ्या, एक मांसात (हाडाला टेकू देऊ नका), एक जाळीवर. बाकी एक पैसा जास्त खर्च करू नका पण हा घ्याच.

आणि झाकण उघडू नका. माझं माहेर अलिबागकडचं, आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, मडकं उलटं करून भोवती जाळ. एकदा लावली की मध्ये कुणी उघडून बघत नाही, बाबा तर जवळ पण येऊ द्यायचे नाहीत. तीच शिस्त इथे.

धूर कडू लागत असेल तर

तुम्ही मांस फार लवकर टाकलंय. कोळसा-लाकूड पेटताना जाड पांढरा धूर येतो, त्यात मांस ठेवलं तर साल कडवट होते, जिभेला बधिर लागतं. धूर पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा झाला की मग ठेवा. लाकडाचे मुठीएवढे चार तुकडे पुरे, हिकरी किंवा ओक, स्नेकच्या पहिल्या अर्ध्या भागावर. पाण्यात भिजवायचे नाहीत, भिजवलेलं लाकूड आधी नुसती वाफ सोडत बसतं. लायटर फ्लुइड तर नकोच, चिमनी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायचा उभा पत्र्याचा डबा) खाली कागद घालून पेटवा.

सगळं करून मांस सुटत नसेल तर ते कमी शिजलंय, परत गुंडाळून ठेवा. सुटतंय पण कोरडं लागतंय तर जास्त झालंय, मग सॉस आणि फॉइलमधला रस जास्त घाला. तो रस कधीच फेकू नका.

सॉसबद्दल इकडे लोक भांडतात. पूर्व भागात नुसतं व्हिनेगर आणि मिरची, लेक्सिंग्टनकडे त्यात थोडं केचप, खाली साउथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा. मी पूर्वेकडचा करते, २ कप ॲपल सायडर व्हिनेगर, १ मोठा चमचा साखर, १ मोठा चमचा कुटलेली लाल मिरची, मीठ, मिरपूड, बाटलीत घालून आदल्या दिवशीच. चरबीला ते आंबट-तिखट असं काही कापतं की आपल्या जिभेला गोड बाटलीतल्या सॉसपेक्षा हाच जास्त रुचतो. सोडवल्या-सोडवल्या थोडा मिसळा, बाकी टेबलावर.

पण लोक आले आणि ग्रिल थंड पडलंय, मग मजा काय? म्हणून चिकन. पोर्क सकाळीच उतरल्याने केटल मोकळी असते, साडेतीनला नवीन कोळसा पेटवायचा आणि सगळा एका बाजूला सारायचा. थाय म्हणजे मांडीचे तुकडे घ्या, हाडासकट. आधी कोळसा नसलेल्या बाजूला झाकण लावून अर्धा तास, शेवटी पाच मिनिटं थेट आचेवर. चिकनची साल रबरासारखी होते ही तक्रार असते ना, ती २२५-२५० वर केल्याने होते, चिकनला ३५० च्या वर आच लागते. १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) झालंच पाहिजे, थाय १७५-१८० पर्यंत नेलं तर अजून चांगलं. सोबत अलाबामाचा पांढरा सॉस करून बघा, मेयोनीज, व्हिनेगर, भरपूर मिरपूड, तिथल्या डेकेटरच्या बिग बॉब गिब्सनचा, १९२५ पासूनची जागा आहे ती. पोर्क न खाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे चिकनच मुख्य असतं, त्यामुळे ते शेवटी उरलंसुरलं केल्यासारखं करू नका.

व्हेज लोकांचं फार मनापासून बघा. सदर्न साइड डिश दिसायला व्हेज असतात आणि नसतात. बेक्ड बीन्समध्ये बेकन, कॉलर्ड ग्रीन्स या पालेभाजीत हॅम हॉक म्हणजे डुकराच्या पायाचा तुकडा, कॉर्नब्रेडमध्ये कधीकधी लार्ड म्हणजे डुकराची चरबी. कुणी पॉटलक म्हणून आणणार असेल तर आधी विचारा आणि टेबलावर चिठ्ठी लावा. एका वर्षी सासूबाईंनी बीन्स वाढून घेतले आणि मला ऐनवेळी लक्षात आलं, अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो. आता आम्ही वीस डॉलरचं छोटं वेगळं ग्रिल ठेवलंय, त्याचा चिमटाही वेगळा आणि त्यावर मांस कधीच गेलेलं नाही. त्यावर कणसं, लिंबू-मीठ-तिखट लावून, आणि निखाऱ्यात रताळी. रताळ्यांत नॉर्थ कॅरोलिना अमेरिकेत पहिलं, इथे ती उत्तम मिळतात, आणि कुणाचा शनिवार किंवा चतुर्थी असली तरी त्यांना गरमागरम काहीतरी मिळतं.

तारखेचंही बघा. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या आसपास श्रावण नाहीतर गणपती येतात, निम्मी मंडळी नॉनव्हेज खात नाहीत. आषाढीपासून चातुर्मास पाळणारेही असतात. आम्ही म्हणून मेअखेरचा मेमोरियल डेचा वीकेंड धरतो, हवा पण सुसह्य असते, डासही जुलैपेक्षा कमी. टेबलाशी एक मोठा पंखा लावला तर उरलेलेही फिरकत नाहीत.

जुलैत केलंत तर दुपारचं वादळ धरूनच चाला. पाऊस आला म्हणून पेटलेलं ग्रिल गराजमध्ये ओढू नका, दार उघडं असलं तरी नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस जातो. छत्री नाही, तंबू नाही, सरळ मांस ओव्हनमध्ये. आणि बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर (३२ सेल्सिअस) असेल तर मेयोवालं स्लॉ, पोटॅटो सॅलड, मांस यातलं काहीही टेबलावर एक तासापेक्षा जास्त नको, एरवी दोन तास. मी स्लॉचा वाडगा बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवते आणि पोर्क सगळं एकदम सोडवत नाही, एक तुकडा वाढला की दुसरा कूलरमध्येच.

उरलेलं पोर्क त्याच रात्री छोट्या डब्यांत थोडा सॉस आणि फॉइलमधला रस घालून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस चांगलं राहतं, जास्त असेल तर फ्रीझर. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, झाकून तव्यावर मंद आचेवर, चमचाभर पाणी घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे पावाला बटर लावून त्यात हेच, वरून कांदा आणि लिंबू.